कालिंदीचा बिल्ला

रंकाळा स्टँडच्या मागं दोन खोल्यांत राहणाऱ्या त्र्यंबक मास्तरांच्या घरी एकदा एक पाहुणा आला. त्यानं मास्तरांच्या सात वर्षांच्या थोरलीला विचारलं, "बाळ, मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पाहुणे मंडळींना चहा गोड लागत नाही. कालिंदीनं जराही विचार न करता सांगितलं, "गगनबावडा गाडीची कंडक्टर." पाहुणा खो खो हसला, मास्तर ओशाळले आणि आईनं आतून हाक मारून तिला उगाचच पाणी भरायला लावलं. ही गोष्ट एकोणीसशे साठ सालातली.

खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. गगनबावड्याची लाल गाडी रोज दुपारी चिखलानं माखून स्टँडवर यायची आणि तिच्या दारात केरबा कंडक्टर उभा असायचा. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी, कानाला पेन्सिल. आवाज असा, की स्टँडच्या दुसऱ्या टोकाला झोपलेली कुत्री उठून बसायची. शाळातपासणीस येणार असले की कालिंदीचे वडील आदल्या दिवसापासून घाबरलेले असत. त्याच तपासणिसांना केरबा गाडीत म्हणाला होता, "पावणं, कोपर आत घ्या. खांब आला तर हितंच ऱ्हाईल." आणि साहेबांनी मुकाट्यानं कोपर आत घेतलं होतं! हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ज्याच्या शब्दावर गाडी थांबते आणि साहेब गप्प बसतो, त्याच्याहून मोठा माणूस तिनं कुठून शोधावा?

पुढं अक्कल येते तशी लाजही येते. सातवीत 'मी कोण होणार' या निबंधात तिनं डॉक्टर लिहिलं, कारण वर्गातल्या हुशार मुलींनी तेच लिहिलं होतं. मॅट्रिकला आल्यावर तिला नर्स व्हावंसं वाटू लागलं. "रात्रपाळ्या असतात," एवढंच मास्तर म्हणाले आणि तो विषय मिटला. मग चारचौघींसारखं टायपिंग शिकून झालं. बहात्तर साली तिला नोकरी लागली ती लाल गाडीच्याच डेपोत, ऑफिसात टायपिस्ट म्हणून. केरबाची ड्यूटी कुठल्या गाडीवर, हे आता ती टाईप करायची आणि केरबा खिडकीतून डोकावून विचारायचा, "काय गं पोरी, आज कुठं धाडलंस मला?"

ऑफिसच्या खिडकीतून स्टँड दिसायचा. गाडी लागली की बाप्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे आणि कडेवर पोर घेतलेल्या बाया सगळ्यांत शेवटी चढून आजऱ्यापर्यंत उभ्यानं जायच्या. रोज हे बघून तिला वाटायला लागलं, दारात बाई उभी असती तर असं झालं नसतं. खरंखोटं देव जाणे, पण तिला ते मनापासून वाटायचं. लहानपणीची हौस मोठेपणी अशी परत आली आणि आता ती हसून घालवण्याजोगी राहिली नव्हती.

कंडक्टर व्हायला आधी बिल्ला, म्हणजे सरकारी परवाना, लागतो. त्यासाठी ती प्रथमोपचाराची परीक्षा पास झाली आणि परवान्याच्या कचेरीत फॉर्म मागायला गेली.

"कुणासाठी?" कारकुनानं विचारलं.

"माझ्यासाठी."

"मालकांसाठी म्हणा की."

"मला मालक नाहीत. मलाच पाहिजे."

त्या भल्या माणसानं अर्धा तास नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात वय सापडलं, नजर सापडली, संसर्गजन्य रोग सापडला. पण अर्जदार पुरुष असावा, असं वाक्य काही सापडेना. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरजच वाटली नसणार! चहा झाला, साहेबांना विचारून झालं, आणि शेवटी कालिंदीला पितळी बिल्ला मिळाला. केरबानं तो अख्ख्या कँटीनभर फिरवला. "बगा रं, मास्तरांच्या पोरीनं बिल्ला काढलाय! तुमच्या बापजाद्यांत कुणी बघितलं हुतं काय?"

बिल्ला मिळाला, काम काही मिळेना. तीन वर्षांत तिनं तीन अर्ज केले आणि खात्याकडून तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.'

गगनबावड्याला मुक्कामाच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर ज्या खोलीत झोपायचे तिचं छप्पर गळत होतं. तिथला पाऊस म्हणजे दिवसचे दिवस सूर्य दिसायचा नाही. ज्ञानू नावाचा तरुण कंडक्टर ओल्या अंथरुणात झोपून झोपून छातीच्या दुखण्यानं दोन महिने पडून राहिला. केरबानं ऑफिसला चार पत्रं धाडली. चारही पत्रांना डेपोतून गेलेली उत्तरं कालिंदीनंच टाईप केली होती. त्यांतही तोच शब्द होता, 'विचाराधीन'. तो शब्द उमटवताना तिला स्वतःच्या बोटांची चीड यायची.

शेवटी अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत त्या छपरासाठी ड्रायव्हर-कंडक्टर संपावर गेले. केरबा पुढारी. ऑफिसची माणसं संघटनेत होती, पण या संपात नव्हती. तिसऱ्या दिवशी डेपोचे साहेब हंबीरराव यांनी कालिंदीला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"रिटायर झालेला एक ड्रायव्हर मिळालाय," ते म्हणाले. "स्टँडवर गगनबावड्याची माणसं परवापासनं अडकून पडल्यात. अख्ख्या ऑफिसात बिल्ला फक्त तुमच्याकडं हाय. एक फेरी करून या. मी वर लिहितो, बाईनं काम करून दाखवलंय म्हणून. मग कोण अडवतंय तुम्हाला?"

अठरा वर्षं जिची वाट पाहिली ती गाडी फाटकाशी उभी होती. "दहा मिनिटं द्या," म्हणून कालिंदी बाहेर आली. फाटकात संपवाले ताडपत्रीखाली बसले होते. तिला वाटलं, आता केरबा ओरडणार. पण त्याला बातमी आधीच लागली होती.

"जा की," तो म्हणाला. "असा वखत परत येणार न्हाय तुला. आमी काय बी म्हणणार न्हाय."

शिव्या दिल्या असत्या तर कदाचित ती गेलीही असती. त्याच्या पलीकडं ज्ञानू बसला होता, भर दुपारी कानाला मफलर बांधून. कालिंदी परत आत गेली.

"आज नको, साहेब. संप मिटल्यावर कधीही पाठवा."

"संप मिटल्यावर तुमची गरज कुणाला, बाई?" हंबीरराव म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. टाईपरायटरसमोर बसून ती पोटभर रडली. कागद भिजला, तो तिनं काढून दुसरा घातला.

नवव्या दिवशी संप मिटला. छपरावर नवे पत्रे चढले. तिचा चौथा अर्ज परत विचाराधीन झाला.

दोन वर्षांनी संघटनेच्या वार्षिक सभेत तिनं ठराव मांडला, 'बाईलाही कंडक्टर म्हणून घ्यावे, अशी मागणी वर पाठवावी.' मागून कुणीतरी ओरडलं, "मग आमी भाकऱ्या थापायच्या व्हय?" सभा हसली. मतदानाला हात दोनच वर आले, तिचा आणि ज्ञानूचा. केरबा अध्यक्षाच्या खुर्चीत डोक्याचा पटका सोडून परत बांधत बसला होता.

सभा संपल्यावर तिनं त्याला फाटकात गाठलं. "मामा, त्या दिवशी तुम्हीच मला जा म्हणाला होता. मग आज हात का नाही वर आला?"

केरबा खोटं बोलणारा नव्हता. "तवा तू एकटी जाणार हुतीस, पोरी. तू घरचीच. पर आता ठराव झाला म्हंजी तुज्या मागनं धा बाया येणार. माजा धाकटा भरतीला नंबर लावून बसलाय. त्येनं मग कुठं जायाचं?"

तिला इतका संताप आला, की ती तरातरा घरी निघाली. या माणसांसाठी आपण हातची गाडी सोडली! घरी पोचेपर्यंत राग होता. मग जेवताना, हातातला घास हातात राहून, तिला एक गोष्ट जाणवली आणि ती गोष्ट तिला आवडली नाही. केरबाला ज्यांची भीती वाटली, त्या दहा जणींचा विचार तिनं स्वतः कधी केलाच नव्हता. गाडीच्या दारात तिला कायम एकच बाई दिसत आली होती.

पुढच्या वर्षी तिनं ठराव नव्यानं लिहिला. त्यात आकडा घातला, 'महिला कंडक्टरांच्या दहा जागा.' केरबानं तो सावकाश वाचला आणि खाली ठेवला.

"ह्यात पयलं नाव तुजंच की?"

"माझं नको, मामा. माझं भरतीचं वय मार्चमध्येच उलटून गेलं," कालिंदी म्हणाली. "दहाच्या दहा जागा दुसऱ्यांसाठी आहेत."

या वेळी कुणी हसलं नाही. हात वर आले ते नऊ. ठराव पडला आणि तो पडल्याची नोंद रीतसर तिनंच टाईप केली. मग मशीनला कोरा कागद लावून तिनं पुढच्या सभेसाठी तोच ठराव परत टाईप करायला घेतला.