गळ्यातला काळा दोरा

ढाब्यामागच्या त्या बेवारस कुत्रीला गाडीत बसवायला मला दीड तास लागला. मागचं दार उघडून मी बिस्किटांचा पुडा फोडला, तशी ती चारी पाय रोवून थरथरायला लागली. ढाब्यावर भाकऱ्या थापणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, बिस्कीट नका दाखवू तिला. तिच्या मालकानं असंच रस्त्यावर बिस्कीट टाकलं, ही खायला उतरली, अन् गाडी गेली निघून. लई लांबवर पळाली हो मागं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्रीच्या गळ्यात काळा दोरा होता, नजर लागू नये म्हणून हौसेने बांधलेला. ज्या हाताने ती गाठ मारली, त्याच हाताने बिस्कीट टाकलं असणार! वर घरी जाऊन म्हणालाही असेल, "ढाब्यावर सोडलीय, खाण्यापिण्याची ददात नाही." आपल्याकडे पाप करतानाही पुण्य पदरात पडायला हवं असतं.

शेवटी मी पुडा मावशींना देऊन टाकला आणि मागच्या सीटवर तिच्याकडे पाठ करून नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने ओलं नाक कोपराला लागलं. ती आपणहून चढली होती.

घरी पोचल्यावर दार उघडून म्हटलं, "चल बाळा, घर आलं."

ती उतरेना. सीटमध्ये नखं रुतवून, माझ्याकडे बघत बसली. गाडीतून उतरलं की काय होतं, हे तिला माणसानेच शिकवलं होतं.