मंत्र्यांपर्यंत पोचवणारा माणूस

मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर तो मला नेहमी भेटतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि पायाशी थर्माकोलच्या खोक्यात बर्फात ठेवलेला जिताडा. मासा कुणासाठी, असं विचारलं की म्हणतो, "साहेबांना जरा गावची चव." पगार त्याला आमच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांची संघटना देते, पण बोलताना तो संघटनेचं नाव कधीच काढत नाही. "गावाची मागणी हाय," एवढंच म्हणतो. गाव त्याच्याकडे काही मागायला गेल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा गावाची मागणी अशी निघाली की, बोंबील वाळवायची जागा किनाऱ्यावरून हलवावी, कारण पाहुण्यांना वास येतो. माझी काकू तिथेच बोंबील वाळवते. कोळणी चिडल्या, तेव्हा हाच पुढे आला. "थेट मंत्र्यांशीच बोला ना! मी नेतो." आणि खरंच नेलं. चहा पाजला, मंत्र्यांसमोर बसवलं. काकू म्हणाली, "सायेब, जागा हलवू नका." मंत्र्यांनी मान हलवली, फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. खाली लिहिलं होतं, वाळवणाला नवी जागा दिल्याबद्दल कोळी महिलांनी मंत्र्यांचे आभार मानले.

काकूने त्याला धक्क्यावर गाठलं. "आमी न्हाय म्हनलो व्हतो ना रं?"

तो जराही गडबडला नाही. हात जोडून अगदी मायेने म्हणाला, "काकू, पण न्हाय म्हणायला तुम्हाला मंत्र्यांपर्यंत कोणी नेलं?"