आईच्या भोंडल्याची चाल

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर तो आता नाही. दुसरं म्हणजे ते नाव माझ्या तोंडून अजूनही जरा जास्तच गोड निघतं, आणि त्याचा मला संताप येतो.

आमचे वडील गार्डन रीचच्या ऑफिसात अधिकारी होते. बदलीवर म्हणून आले आणि सोळा-सतरा वर्षं कलकत्त्यातच राहिले, त्यामुळे मी वाढले ती तिथेच, सरकारी क्वार्टर्समध्ये. घरात मराठी, दारात हिंदी, कॉलेजात बंगाली आणि इंग्रजी. अठराव्या वर्षी एका मैत्रिणीने मला रविवारी दुपारी पार्क स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटात नेलं. तिथे एका कोल्ड कॉफीवर दोन तास रॉक ऐकायला मिळायचं. बँडमधली बाकीची पोरं विशीतली, लांब केसांची, आणि मधोमध हा पंचेचाळिशी उलटलेला माणूस. आमच्या जन्माआधीपासून तो हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. रॉक या शहरात आलं तेव्हा त्याची तिशी सरली होती, तरी ते पहिल्यांदा वाजवणाऱ्यांत तो होता. आवाज खरवडलेल्या कढईसारखा. पण एकदा का तो गायला लागला की कॉफी तशीच राहायची.

मी अक्कल गहाण टाकली, दुसरं काय. कोणत्या रविवारी त्याने काय वाजवलं याची माझ्याकडे वही होती. तरुण पोरांचा दुसरा एक बँड त्याच्यापेक्षा बरा आहे असं म्हणणाऱ्या एका मुलीशी मी वर्षभर अबोला धरला होता. नक्षलवाद्यांच्या त्या दिवसांत गावात केव्हा बाँब फुटेल आणि केव्हा बस बंद होतील याचा नेम नसायचा, तरी एक रविवार चुकवला नाही. घरी सांगायचे, बागबाजारच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. बागबाजार म्हणजे शहराचं पार दुसरं टोक, उशीर झाला तरी शोभायचं. तेवढ्याने भागलं नाही तर खिदिरपूरचा पूल जहाजासाठी उघडला होता, ही थाप तयार असायची.

एका रविवारी ती बागबाजारची मैत्रीणच पुस्तक परत करायला आमच्या घरी येऊन बसली. मी परतले तेव्हा आई तिला पोहे देत होती. मैत्रीण गेल्यावर आईने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं, आणि वडिलांना सांगण्याऐवजी एवढंच विचारलं, की गातो कसा? आईला गाण्याचा कान होता. पुढच्या रविवारपासून माझ्या हातात त्या माणसासाठी डबा जायला लागला. दुपारभर गातो म्हणजे खातो कधी, अशी तिची काळजी.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खोक्यावर बसून तो सिगारेट ओढायचा, तिथे मी डबा नेऊन द्यायचे. एकदा त्याला भोंडल्याची गंमत सांगितली. आश्विनात मुली पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं असतं. त्याला खिरापत म्हणतात. डबा वाजवून दाखवायचा, बाहेरच्या मुलींनी ओळखायचं. ज्या घरची खिरापत त्या घरच्या मुलीने तोंड उघडायचं नाही, हा नियम. त्याला हे इतकं आवडलं की त्यानंतर दर रविवारी तो आधी डबा कानाशी धरून हलवायचा. चकली त्याला नुसत्या आवाजावरून कळायला लागली होती. डबा रिकामा परत द्यायचा नसतो हेही मी शिकवलं, म्हणून डब्यातून कधी लेमनच्या गोळ्या यायच्या, कधी गिटारची तुटलेली तार. ती तार मी कपाटात साडीच्या घडीत ठेवली होती, आता काय सांगू.

इथे आईच्या गाण्याचं सांगायला हवं. मी दहा वर्षांची असताना माझी आजी, म्हणजे आईची आई, पुण्याला वारली. तार आली, पण गाडीला दोन रात्री लागायच्या, आणि आई पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या वर्षीच्या भोंडल्यात आईने एक नवीन गाणं म्हटलं. शब्द तिचे आणि चालही तिचीच, नेहमीच्या भोंडल्याच्या गाण्यांसारखी मुळीच नव्हे. वर चढता चढता मध्येच ती अशी खाली यायची की पोटात खड्डा पडायचा.

हावड्याच्या पुलावर बाई दिवा गं लागला,
माहेरच्या गाडीला माझा जीव गं लागला.

पुढे आणखी सहा कडवी होती. क्वार्टर्समधल्या मराठी मुली दरवर्षी ते म्हणायच्या. आमच्या आईच्या मालकीचं असं या जगात फारसं काही नव्हतं. घर सरकारी, सामान बदलीला सोयीचं तेवढंच. गाणं मात्र तिचं होतं.

एके दिवशी मागच्या दाराशी मी ते गुणगुणत होते. तो सिगारेट विझवून म्हणाला, पुन्हा म्हण. मी म्हटलं. त्याने गिटार आणली, चाल उतरवून घेतली आणि विचारलं, "हे कोणाचं?"

आता इथे माझं चुकलं, आणि ते मी मुद्दाम चुकले. आई म्हणायला माझी जीभ रेटेना. आपल्याकडे आपल्याच आईचं कौतुक चारचौघांत कोणी करत नाही, आणि शिवाय लाज. ज्याला मी देव मानत होते त्याला सांगायचं काय, की क्वार्टर्समधल्या एका बाईने कणीक तिंबता तिंबता केलंय?

"कोणाचंच नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे फार पूर्वीपासून चालत आलंय. शेकडो वर्षांचं असेल."

दोन रविवारांनी त्याने ती चाल गिटारवर वाजवली आणि सगळं रेस्टॉरंट चिडीचूप झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते, तिथून एकदम खाली आले. माझ्या आईचं गाणं वाजत होतं आणि ते आईचं आहे हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. मध्यंतरात मी मागच्या दाराशी गेले आणि सरळ कबूल केलं. खोटं बोलले, ते माझ्या आईने केलंय. तो रागावला नाही. उलट म्हणाला, मग मला तुझ्या आईकडे ने.

आणि तो आला. शनिवारी दुपारी, वडील ऑफिसात असताना, इस्त्रीचा शर्ट घालून, बसने. व्हरांड्यात चप्पल काढली. आईने थालीपीठ लावलं, त्याने दोन खाल्ली. मग आई पदर सावरून बसली आणि भिंतीकडे बघत सातही कडवी म्हणाली. मधली ती खाली येणारी जागा त्याने तिच्याकडून तीनदा म्हणून घेतली. प्रत्येक ओळीचा अर्थ मी त्याला इंग्रजीत सांगत गेले. निघताना तो त्याच्या मोडक्या हिंदीत आईला म्हणाला, "माजी, ये आपका गाना है. रेकॉर्ड बनेगा तो आपका नाम लिखेगा."

त्या संध्याकाळी भाजी निवडताना आईने मला विचारलं, की तबकडीवर नाव मावेल एवढी जागा असते का. असते म्हटल्यावर ती म्हणाली, मग माहेरचं घाल. लग्नात आईचं पहिलं नावही बदललं होतं. कलकत्त्यात तर सोडाच, आमच्या घरातही ते जुनं नाव कोणी घेत नसे. मी ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि आईने कागद हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो कागद मी त्याच्या हातात दिला आणि त्याने माझ्यासमोर तो खिशात ठेवला.

पाच-सहा महिने गेले. आई मधूनमधून नुसतं विचारायची, काही कळलं का. मग एक दिवस धर्मतल्ल्याच्या दुकानात ती छोटी तबकडी दिसली. वर त्याचा फोटो. दुकानदाराने लावून दाखवली. चाल तीच, ती खाली येणारी जागाही तश्शी, आणि शब्द इंग्रजी. एक बाई पुलाजवळ उभी राहून घरच्या गाडीची वाट बघते आहे. म्हणजे अर्थसुद्धा त्याने आमचाच उचलला होता. मी तबकडी हातात घेऊन मधला गोल कागद वाचला. शब्द आणि संगीत, आणि पुढे त्याचं नाव. मी ती उलटी करून पाहिली, पाकीट आतून पाहिलं. आई कुठेच नव्हती.

रविवारी मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कॉफी नाही, काही नाही. तो तारा जुळवत होता. विचारलं तर मान वर न करता म्हणाला, "तूच सांगितलं होतंस ना, कोणाचंच नाही म्हणून? कंपनीवाल्यांनी विचारलं, मी तेच सांगितलं."

"पण नंतर तुम्ही घरी आला होतात. आईसमोर बसला होतात."

"तुझी आई फार चांगली बाई आहे," तो म्हणाला. "तिला माझा नमस्कार सांग."

मेल्याने एवढंच म्हटलं आणि आत जाऊन आमचा मागच्या वेळचा डबा आणून दिला. घासून पुसून, रिकामा. मला रडू आलं नाही, इतकी मी चिडले होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. माझं खोटं मी स्वतः जाऊन खोडलं होतं, आणि त्याने नेमकं तेवढंच जपून ठेवलं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून. परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि खिदिरपूरचा पूल त्या दिवशी खरोखर उघडला होता.

घरी आल्यावर मात्र माझं सगळं अवसान गळालं. आई दारातच होती. आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता, तिला कळायचा काही मार्ग नव्हता. मी सांगितलं, की कंपनीने ते गाणं घेतलंच नाही. रेकॉर्ड निघाली नाही.

आई डबा हातात घेऊन म्हणाली, "असू दे. नाव लांबलचक होतं, मावलं नसतं."

त्यानंतर मी त्या रेस्टॉरंटात पाऊल टाकलं नाही. वही फाडली, तार फेकून दिली. आश्विन आला. बाहेर पूजेचे ढाक वाजत होते आणि आमच्या गच्चीवर पाट मांडला होता. त्या वर्षी नागपूरहून बदलून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आली होती. नेहमीची गाणी झाली. मग आईने तिचं गाणं सुरू केलं, मुलींनी सूर धरला. दोन कडवी झाली असतील, तोच ती नवी मुलगी फेरातच थांबली.

"काकू, हे तर दादाच्या रेकॉर्डमधलं गाणं आहे," ती म्हणाली. "इंग्लिशमधलं. तुम्ही त्याच्यावर मराठी शब्द बसवलेत?"

फेर थांबला. मुलींच्या आया गच्चीच्या कठड्याशी बसल्या होत्या, त्यांनी माना वळवल्या. मोठ्या मुलींना माहीत होतं की हे गाणं आम्ही किती वर्षं म्हणतोय, पण त्याही गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रेकॉर्ड निघाली आहे, आणि मला ते ठाऊक आहे, हे दोन्ही तिला तेवढ्यात कळलं.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, हे गाणं माझ्या आईचं आहे. पण मग पुढचं वाक्य आलं असतं, की ते त्याच्यापर्यंत गेलं कसं, आणि त्याने विचारलं तेव्हा मी काय म्हणाले होते. मी पाटावरच्या हत्तीकडे बघत राहिले.

आई हसली. त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हो गं, मीच बसवले शब्द. बरे बसलेत ना?"

मुलगी खूश झाली. कठड्याशी बसलेल्यांपैकी एक जण कौतुकाने म्हणाली, की तरीच मला वाटायचं, इतकी वेगळी चाल आपल्यात कुठून आली. आईने मान डोलावली. उरलेली कडवी तिने म्हटली नाहीत. ते गाणं त्यानंतर तिने कधीच म्हटलं नाही, पुढच्या वर्षी नाही आणि पुढे पुण्याला परत आल्यावरही नाही. मला एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही.

त्या माणसाने फसवलं, हे मी पुढे शंभर जणांना सांगितलं असेल. तावातावाने सांगते, ऐकणारे हळहळतात. गच्चीवरचं मात्र आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आईने झाकलेला डबा उचलला, दोनदा वाजवला आणि म्हणाली, ओळखा. मुलींनी लाडू म्हटलं, शंकरपाळे म्हटलं, चिवडा म्हटला, सगळं म्हणून पाहिलं. आई नाही नाही म्हणत राहिली. डबा मीच भरला होता, त्यात चकल्या होत्या. पण घरच्या मुलीने तोंड उघडायचं नसतं, आणि मी उघडलं नाही.