दंतपरीपुढे आबांची साक्ष

माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या दातांवर जास्त विश्वास ठेवणारा गृहस्थ मी जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या शेजारणीचे, गौरीचे सासरे, आबा. सांगलीत उभं आयुष्य दातांचा दवाखाना चालवून ते उन्हाळ्यापुरते आयर्लंडमध्ये, आमच्या ड्रोहेडा गावी, मुलाकडे आले होते. दवाखाना बंद झाला होता, डॉक्टर मात्र चालूच होते. कोणी ओळख करून दिली की नाव कानावरून जायचं आणि नजर थेट दाढांवर. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी पोळीचा आग्रह केला, तर म्हणाले, "पोळी राहू दे, आधी उजवीकडची खालची दाखव. मघापासून डावीकडूनच चावतेयस." ती दाढ मी नवऱ्यापासूनसुद्धा लपवली होती! एकदा फिरायला गेलो असताना कुंपणापलीकडच्या घोड्यानं जांभई दिली. आबा थबकले आणि समाधानानं म्हणाले, "हिरड्या उत्तम."

अशा माणसाला दंतपरीची माहिती मिळाली ती नातीकडून. इराला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते अस्सल आयरिश हेलातल्या इंग्रजीत. तिचा पुढचा दात हलायला लागला होता. पडला की तो उशीखाली ठेवायचा, परी येऊन घेऊन जाते आणि नाणं ठेवते, हे ऐकून आबा हादरलेच. "मी जन्मभर दात काढायचे पैसे घेतले. ही बाई दात नेते आणि वर पैसे देते? धंदा बुडवला की हिनं!"

एका दुपारी सफरचंद खाताना दात पडला. घरी आबा एकटेच. इरानं कौतुकानं तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि चूळ भरायला आत पळाली. आबांनी बागेत जाऊन, सात पिढ्या करत आल्या तसा, तो छपरावर भिरकावला.

इरा बाहेर आली. "आबा, व्हेअर इज माय टूथ?"

आबांनी अभिमानानं वर बोट केलं.

तिच्या रडण्यानं मीही धावत गेले आणि समोरच्या घरातला डेक्लनही. आबांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. डेक्लनकडून शिडी मागवून, कोणाचं न ऐकता, भुरभुरत्या पावसात ते स्वतः वर चढले आणि पन्हळ उपसू लागले. शेवाळ निघालं, टेनिसचा चेंडू निघाला.

"युअर मॅन शोधतोय तरी काय?" डेक्लननं आबांकडे पाहत विचारलं; इथे कुठल्याही गृहस्थाला 'युअर मॅन'च म्हणतात.

"दात."

"स्वतःचा?"

"नातीचा."

त्यानं आणखी काही न विचारता शिडी घट्ट धरली.

दात सापडला नाही. आबा खाली आले, भिजलेल्या कपड्यांनिशी इरासमोर बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. परीला मीच सांगतो. ती आमच्याच धंद्यातली, ऐकेल." मग खिडकी उघडून त्यांनी आभाळाकडे पाहत खड्या आवाजात सुरुवात केली, "बाई, मी डॉक्टर आहे. दात मी छपरावर टाकला. मुलीचा दोष नाही."

इरानं डोळे पुसले. "आबा, शी वोन्ट अंडरस्टँड मराठी."

"मग तू सांग."

मग आबा एकेक वाक्य बोलत गेले आणि इरा ते परीसाठी इंग्रजीत करत गेली. "दात आपोआप पडला. कीड नव्हती." इथे ती अडली. जरा विचार करून, आबांकडे वळून, आम्ही तिच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या मराठीत तिनं विचारलं, "आबा, कीड म्हंजे काय?"

गौरी तेवढ्यात कामावरून आली होती. ती दारातच उभी राहिली. आबा मात्र इकडेतिकडे न बघता, क्लिनिकमध्ये सांगावं तसं, कीड म्हणजे काय ते सविस्तर सांगत बसले. इरा मराठीत विचारत राहिली आणि परी बिचारी बराच वेळ बाहेर ताटकळली.

सकाळी उशीखाली एक युरोचं नाणं होतं आणि शेजारी दहा रुपयांचं. परी सांगलीवरून आली, असं इरानं सगळ्या शाळेला सांगितलं.

सप्टेंबरात आबा निघाले. बॅगा गाडीत गेल्या होत्या. त्यांनी इराला जवळ घेतलं, "आ कर" म्हणाले. हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड नुकती डोकावत होती. एवढीशी कड, पाहायला एक क्षण पुरे. पण आबा तिची हनुवटी धरून पाहतच राहिले. गौरीच्या नवऱ्यानं गाडी सुरू करून ठेवली होती; हॉर्न मात्र त्यानं वाजवला नाही.