पोले

केनियात चर्चच्या वैद्यकीय शिबिरात सेवेला गेलो, ते तिथल्या भाषेतला एकच शब्द शिकून. 'पोले', म्हणजे 'वाईट वाटलं'. ठेच लागलेल्यालाही तिथे पोले म्हणतात. एकदा म्हणून माझं समाधान कुठलं व्हायला, मी आपला दोनदा म्हणायचो.

तापाने बाळ गेलेली एक आई त्याला घेऊन तंबूबाहेर आली. तिलाही म्हणालो, "पोले, पोले."

आमच्या नगरच्या सिस्टर कानाशी म्हणाल्या, "अहो दादा, एकदाच म्हणा. दोनदा म्हणजे 'हळूहळू'."

मी जीभ चावली. आपल्याकडे अशा वेळी म्हणायला शब्दच नाही. माणसं नुसती जवळ येऊन बसतात. तेवढं तर मलाही जमलं असतं.

आईने मान हलवली आणि गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून ती चालू लागली. त्याची झोप मोडू नये अशी, हळूहळू.