सर्व्हर बंद, आळ माझ्यावर

मी वायरला हात लावला नव्हता! ओरडून सांगितलं, पण कुणाला पटेल तर शपथ. उज्जैनच्या फ्रीगंजात आमचं भेरूगढ छपाईच्या साड्यांचं दुकान आहे. सून रश्मीनं ऑर्डरींचं सगळं काम सर्व्हरवर चढवलं, तेव्हापासून दुकानात साड्या कमी आणि किस्से जास्त साठलेत. सर्व्हर म्हणे क्लाउडवर असतो. पण बंद पडला की आळ जमिनीवरच्या माझ्यावर!

शेवटी आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "पुन्हा बंद पडला तर तू काउंटरवर बसायचं नाहीस."

वा रे वा! या काउंटरवर मला सासूबाईंनी बसवलंय!

*

एकदा रश्मी म्हणाली, "आई, पिंग करतेय, पण सर्व्हर उत्तर देत नाही."

"पिंग म्हणजे?"

"हाक मारून बघायचं, जिवंत आहे का."

"अगं, तुझे सासरे तरी हाकेला ओ देतात का? आहेत ना जिवंत!"

पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "सर्व्हर चालू आहे. पिंगला उत्तर द्यायची त्याला मनाई आहे."

ह्यांना कुणी मनाई केलीय, तेवढं विचारायचं राहिलं.

*

हा इंजिनिअर शुद्ध मराठीवाला. सर्व्हरच्या पोर्टलासुद्धा बंदर म्हणतो! एकदा स्पीकरवर म्हणाला, "बंदर बंद दिसतंय, आधी ते उघडायला हवं."

चौकीदार बाबूलालनं एवढंच ऐकलं. "बंद कहाँ है भाभीजी, बंदर तो छत पे खुला घूम रहा है!" काठी घेऊन पळालाच.

पुण्याहून विचारणा, "उघडलं का बंदर?"

वरून बाबूलाल ओरडला, "भगा दिया!"

आणि सर्व्हर सुरू! आता सर्व्हर अडकला की बाबूलाल आधी गच्चीवर जातो. रश्मीही त्याला अडवत नाही.

*

परवा लग्नसराईची ऑर्डर यायची, आणि सर्व्हर पुन्हा ठप्प. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "ऊठ."

"कारण कळल्याशिवाय ढिम्म हलणार नाही!" मी म्हटलं. रश्मीनं पुण्याला फोन लावला.

इंजिनिअर म्हणाला, "वायर-बियर ठीक आहे. सर्व्हरनंच तुमच्या दुकानाला आत यायची बंदी केलीय. लॉगिन करताना कुणीतरी सारखं चुकीचं नाव टाकतंय. त्याला वाटलं, चोर आला."

"काय टाकलंय?" रश्मीनं विचारलं.

"श्री."

हे पंख्याकडं बघायला लागले. "अहो, कामाच्या आधी आपलं..."

"कोण लिहितं हे?" इंजिनिअरनं विचारलं. "मला नोंद करायचीय. नाव सांगा."

रश्मी म्हणाली, "आई, नाव तुम्हीच घ्या."

मी पदर सावरला आणि फोनजवळ तोंड नेलं.

"भेरूगढच्या छाप्याला उज्जैनात भाव,
दुकानाला कुलूप घालणारे श्रीनिवासराव!"