भाजीबाजाराचा डेक

आधीच सांगते, माझी आई पत्ते खेळत नाही. पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे घराचं वाटोळं, हे तिचं मत मी जन्मायच्या आधीपासूनचं. तेव्हा माझ्या साठ पत्त्यांत तिनं नाक खुपसायचं काहीच कारण नव्हतं. पण खुपसलं. नुसतं नाक नाही, कोपरापर्यंत हात घातले.

आमचे पत्ते जुगाराचे नाहीत, हे मी तिला नऊ वर्षांत नऊशे वेळा सांगितलं असेल. प्रत्येक पत्त्यावर एखादा प्राणी, राक्षस नाहीतर झाड असतं. खाली त्याची ताकद आणि करामत लिहिलेली असते. शिवाय पाणी, माती, ऊन असे पत्ते असतात, ते लावल्याशिवाय बाकीचे उभे राहत नाहीत. हजारो पत्त्यांतून आपण साठ निवडायचे, त्याला डेक म्हणायचं, आणि तो घेऊन समोरच्याशी लढायचं. कॉलेजात असताना वर्ध्याच्या मैत्रिणींनी मला हे वेड लावलं. आता मी आर्वीत तहसीलजवळच्या ऑनलाइन सेंटरवर लोकांचे सातबारे काढून देते, पण महिन्यातून एक रविवार वर्ध्याला जाऊन खेळते. बहुतेक वेळा हरून येते, तो भाग वेगळा.

हिवाळ्यात आमच्या ग्रुपनं टूम काढली की या वेळी जिंकायचा डेक नको, गमतीचा हवा. एकच विषय धरायचा आणि त्यातलेच पत्ते लावायचे. एकीनं सगळी मांजरं घेतली, एकानं सगळे टकले. मी म्हटलं, आपण भाज्या घेऊ. आमच्या खेळात झाडपाल्याचे पत्ते भरपूर आहेत, पण ते कोणी वापरत नाही, कारण ते मार खातात. मला वाटलं, चला, सोपं काम आहे, दोन संध्याकाळींत होईल.

आणि आई घरात होती. सगळा घोळ तिथंच झाला.

आईनं तीस वर्षं आर्वीच्या बाजारात भाजीचं दुकान लावलं. तळेगावचाही बाजार करायची. दुकान म्हणजे काय, खाली पोतं, वर ताडपत्री आणि मध्ये आई. पाच महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता खाली बसायचं नाही, पण चालायचं मात्र रोज. दुकानावर वहिनी बसायला लागली. आई घरी बसली ती बसलीच. चालायला जा म्हटलं की म्हणायची, "कुठं जाऊ? कोण वाट पाहून राह्यलं माही?" बाजारात नुसती चक्कर मारून ये म्हटलं तर, "माह्या जागेवर दुसरी बसली, मी काय तमाशा पाह्याले जाऊ?" पाच महिने ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. जाड सोलची चप्पल आणली होती, तिचा कागद तसाच होता. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर गुडघा आखडेल, मग काही खरं नाही. मी समजावून थकले, दादा ओरडून थकला. ती पलंगावर बसून कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि माझ्याशी भांडायची.

अशा बाईसमोर मी भाज्यांचे पत्ते पसरले. माझीच अक्कल चरायला गेली होती.

"हे काय वं? मुयाले डोये?" तिनं मुळ्याचा पत्ता उचलला.

"आई, चित्र हाय ते. राहू दे."

"आन हे वांगं दात काऊन दाखवून राह्यलं?"

दहा मिनिटांत ती पलंगावरून खुर्चीवर आली होती आणि अर्ध्या तासात पत्त्यांच्या राशी लावत होती. मी ताकदीनुसार लावलेले पत्ते तिनं मोडले. पालेभाज्या पुढे, शेंगा मध्ये, कांदे-बटाटे मागे. कोपरा दुमडलेले पत्ते वेगळे काढले, "किडका माल" म्हणून. मी दात-ओठ खात पुन्हा माझ्या पद्धतीनं लावायची, चहा ठेवायला उठले की ती पुन्हा मोडायची.

माझ्याकडे टरबुजाचा एक राक्षस होता. झाडपाल्यात एवढा ताकदवान पत्ता दुसरा नाही. तो तिनं उचलून बाजूला ठेवला.

"आई, तो लागते मले!"

"हिवाळ्याच्या बाजारात टरबूज? लोकं हासतीन तुले."

"हा बाजार नोहे, खेळ हाय!"

"मंग भाज्या कायले म्हनते? भाज्या म्हनल्या त हंगाम पाह्याच लागते."

मी कपाळ बडवून घेतलं. टरबूज गेलं, दोडका गेला, आंब्याच्या कोयीचं एक भूत होतं तेही गेलं. उरली मेथी, मुळा, वाटाणा, गाजर, फुलकोबी, कांदा, वांगी. मग तिची नजर पाण्याच्या पत्त्यांवर गेली. मी चोवीस ठेवले होते, सगळे तेवढेच ठेवतात. "एवढं पानी? मेथी सडवाची हाय काय?" म्हणत तिनं सात काढून त्या जागी भाज्या भरल्या. मी म्हटलं, घे, कर तुझ्या मनासारखं. मग मुद्दाम, तिचं चुकलं हे दाखवायला, फोनवर मैत्रिणीशी व्हिडिओ लावून खेळून पाहिलं. आणि तो डेक धावला ना! हातात पाणीच पाणी येऊन मी जी दरवेळी अडकायची, ती अडकलेच नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू. नऊ वर्षं मी झक मारली आणि हिनं एका संध्याकाळी मेथी वाचवायला म्हणून ते दुरुस्त केलं. अर्थात हे मी तिला सांगितलं नाही.

एका पत्त्यावर मात्र मी हटले नाही. तो दिसायला अगदी क्षुल्लक. हिरव्या पानांचं एवढंसं पोर, ताकद एक. पण त्याची करामत अशी की मेलेल्या भाज्या तो पुन्हा हातात आणतो. डेकचा सगळा जीव त्यात होता. जुना पत्ता, आता छापतही नाहीत. माझ्याकडचे चांगले तीस पत्ते देऊन मी तो एक मिळवला होता.

"हे कोथिंबीर हाय," आई म्हणाली.

"हो, कोथिंबीर. तिले हात नको लावू."

"कोथिंबीर कोनी अशी जपून ठेवते काय? थे त वरतून टाकाची असते."

मी हसले. तेव्हाच समजून सांगायला पाहिजे होतं.

शनिवारी ती म्हणाली, "माल माह्या हातानं लावला, मलेही पाह्याचं हाय कसा जाते त." दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. वर्धा म्हणजे एसटीनं दीड तास, आणि ही बाई अंगणात जात नव्हती. रविवारी तिनं चपलेचा कागद फाडला. बसमध्ये चढताना दोनदा थांबली, माझा खांदा पिरगाळून चढली. मला एवढा आनंद झाला की डोळे भरून आले, आणि लगेच तिनं कंडक्टरला सुनावलं की पायरी इतकी उंच काऊन केली, तेव्हा आनंद जरा आवरला.

आमचं खेळायचं ठिकाण म्हणजे एका मैत्रिणीच्या कोचिंग क्लासची खोली, रविवारी रिकामी असते. सामने सुरू व्हायच्या आधी सगळे आपसात पत्त्यांची अदलाबदल करतात. आईला बाकावर बसवलं, डेक तिच्याजवळ ठेवला आणि मी चहा सांगायला खाली गेले. दहा मिनिटं. फार तर बारा. वर येते तो आईनं पिशवीतला टॉवेल बाकावर अंथरून साठही पत्ते त्यावर मांडले होते आणि चेहरा असा, जसा मी पाच महिन्यांत पाहिला नव्हता. मी घाईघाईत पत्ते गोळा केले आणि खेळायला बसले.

समोरचीनं नियमाप्रमाणे माझे पत्ते मोजले. एकोणसाठ. पुन्हा मोजले. एकोणसाठ. मी सगळे उलटे करून पाहिले.

"आई, कोथिंबीर कुठं हाय?"

"थे? देल्ली ना," आई मोठ्या खुशीत म्हणाली. "थे निया ओढनीवाली पोरगी आलती. तिले कांदा पाह्यजे होता. मी म्हनलं, फुलकोबी दे आन ने. बोहनीचं गिऱ्हाईक, मंग कोथिंबीर टाकली वरतून. लय खुश झाली बिचारी."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, त्याच्या पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर टाकायची, हे तिनं तीस वर्षं केलं. माझा अख्खा डेक ज्यावर उभा होता तो पत्ता तिनं तसाच, हसत हसत, फुकट टाकला होता.

"तुले सांगतलं होतं ना हात नको लावू म्हून! कोनी सांगतलं तुले दुकान मांडाले? एवढीच हौस होती त घरीच बसून राह्याचं होतं ना!"

तोंडातून निघालं आणि मला कळलं काय बोलले ते. जी बाई कंडक्टरला सोडत नाही, ती खाली मान घालून टॉवेलची घडी घालायला लागली. चार घड्या घातल्या, उलगडला, पुन्हा घातल्या.

एवढ्यात ती निळ्या ओढणीची मुलगी आली. नवीनच होती ग्रुपमध्ये, माझा आरडाओरडा ऐकून तिला कोणीतरी पत्त्याचं मोल सांगितलं असणार. तिनं तो माझ्यासमोर धरला. "ताई, मला माहीत नव्हतं हो. घ्या."

माझा हात पुढे गेलासुद्धा. तेवढ्यात आईनं विचारलं, अगदी हळू आवाजात, "वापस काऊन देऊन राह्यली थे? माल खराब निंघाला काय?"

तीस वर्षांत तिच्या दुकानावर कोणी भाजी परत आणलेली मला आठवत नाही. तिलाही आठवत नसणार. ती त्या मुलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की मी आता जे बोलेन त्यावर ही उद्यापासून बाहेर पडेल की नाही ते ठरणार. तीस पत्ते देऊन मिळवलेला माझा पत्ता हातभर अंतरावर होता. मला रडू येत होतं, आणि ते पत्त्यासाठी येत होतं हेही सांगून टाकते.

"नाई वं आई," मी म्हटलं. "माल चांगला निंघाला. लयच चांगला निंघाला, म्हून थे म्हनते एवढं फुकटात कसं घेऊ."

आईच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "अवं बाप्पा! एवढंच होय!" ती त्या मुलीला म्हणाली. "घे माय, घे. बोहनीचं देल्लेलं आमी वापस नाई घेत." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी घे म्हणून मान हलवली. मान हलवायला जेवढा जोर लागला तेवढा बसमध्ये आईला चढवायला लागला नव्हता.

साठावा म्हणून मी पाण्याचा एक पत्ता टाकला आणि तिन्ही सामने हरले. टकल्यांनी तर माझी मेथी उपटून नेली. दर हरण्यानंतर आई मागून सांगत होती की गाजर आधी काढायला पाहिजे होतं. दुपारपर्यंत तिच्या बाकाभोवती चार जण बसले होते आणि ती त्यांचे पत्ते निवडून देत होती, मांजरांचेसुद्धा. माझ्याकडे कोणी बघायला तयार नाही.

परतीच्या बसमध्ये मी तोंड फुगवून बसले. पुलगाव गेल्यावर तिनं विचारलं, "पुढच्या वेळी काय हाय?"

"भाज्या नाई आता. भुतं हायेत."

"भुतं त भुतं. कितीची गाडी हाय?"

"दहाची."

"दहाची कायले? आठची पकडू. उशिरा गेलं का चांगली जागा जाते."

मी कपाळाला हात लावला आणि आठच्या गाडीला हो म्हटलं.